वगळलेल्यांची गणना कायद्याने बंधनकारक हवी

भारत सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक सर्वेक्षणात आधार प्रमाणीकरण, म्हणजे बोटाच्या ठशावरून ओळख पटवणे, अयशस्वी होण्याच्या प्रमाणाचे काही अंदाज दिले आहेत. झारखंडमध्ये ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के, गुजरातेत ६ टक्के आणि आंध्र प्रदेशातील कृष्णा जिल्ह्यात ५ टक्के. ठसे जुळवण्याचे तंत्र सगळीकडे साधारण सारखेच असताना एका ठिकाणी ते शंभरात पाच वेळा फसते आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ निम्म्या वेळा फसते, याचा अर्थ दोष एकट्या यंत्रात नाही. नेटवर्क, वीज, यंत्राची देखभाल, आधार क्रमांक जोडताना झालेली हयगय आणि कष्टाच्या कामाने झिजलेली बोटे या सगळ्यांचा तो परिणाम आहे. मात्र या टक्केवारीतून सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळत नाही. ठसा एकदा जुळला नाही म्हणून रेशनचे धान्य मिळालेच नाही असे होत नाही. माणूस दुसरे बोट लावून पाहतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, घरातल्या आणखी कोणाला पाठवतो. अखेरीस किती जण रिकाम्या हाताने परतले आणि त्यांतले किती पुन्हा फिरकलेच नाहीत, ही संख्या काढण्याचे कायदेशीर कर्तव्य कोणत्याही खात्यावर नव्हते, आणि आजही नाही.

सार्वजनिक सेवेत एखादे तंत्रज्ञान सक्तीचे करायचे असेल, तर त्यामुळे कोण बाहेर पडेल याचे स्वतंत्र संशोधन सक्तीच्या आधी व्हावे, सक्तीनंतर ठरावीक काळाने पुन्हा व्हावे, आणि हे करणे शासनाला कायद्याने भाग असावे, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे. मागणी साधी वाटते. परंतु ती मान्य केली तर तंत्रज्ञानाच्या नियमनाबद्दल आपण आज ज्या पद्धतीने विचार करतो, तिच्यात बराच बदल करावा लागतो.

योजना संगणकावर आली की आकड्यांचा पूर येतो. रोजचे व्यवहार, वाटलेली रक्कम, रद्द झालेली नावे, वाचलेला पैसा, हे सगळे मंत्रालयात बसून एका पडद्यावर दिसते. हे आकडे खोटे असतात असे नाही, पण ते प्रणालीच्या आत असलेल्या माणसांचे असतात. ज्याचे नाव यादीतून गेले, ज्याचा अर्ज कारण न देता परत आला, जी वृद्ध स्त्री दोन हेलपाट्यांनंतर निवृत्तिवेतनाचा नाद सोडते, ती माणसे त्या पडद्यावर नसतात. त्यांचे बाहेर पडणे बहुधा बचतीच्या रकान्यात जमा होते. म्हणजे ज्या घटनेला अपयश म्हणायला हवे, तीच घटना यश म्हणून मोजली जाते, आणि मोजणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी हे टळत नाही.

याबाबतीत भारताजवळ जगाला उपयोगी पडतील असे दोन अभ्यास आहेत, आणि दोन्ही कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या तीन अर्थतज्ज्ञांचे आहेत. पहिला अविभाजित आंध्र प्रदेशातला. तिथे रोजगार हमीची मजुरी आणि सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन बायोमेट्रिक स्मार्टकार्डावर देण्याचे ठरले, तेव्हा कोणत्या मंडलात (तिथला तालुक्यासारखा प्रशासकीय विभाग) कार्ड आधी येणार आणि कोणत्या मंडलात नंतर, हे सोडत काढून निश्चित करण्यात आले. १५७ मंडले आणि सुमारे १ कोटी ९० लाख लोकसंख्या या प्रयोगाच्या कक्षेत होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उत्साहवर्धक होते. मजुरी लवकर मिळू लागली, ती कधी मिळेल याचा भरवसा वाढला, मधल्या मध्ये होणारी गळती कमी झाली आणि योजनेपर्यंत पोचणे कोणालाही अधिक अवघड झाले नाही. यातली एक बाब सहसा सांगितली जात नाही. दोन वर्षांनंतरही त्या मंडलांतील साधारण निम्मीच देयके नव्या पद्धतीने होत होती आणि ज्यांच्याजवळ कार्ड नव्हते त्यांना जुन्या पद्धतीने पैसे मिळत राहिले. प्रशासनाच्या भाषेत याला अपूर्ण अंमलबजावणी म्हणतात. माझ्या मते तीच त्या योजनेची सुरक्षाजाळी होती.

दुसरा अभ्यास झारखंडमधील सार्वजनिक वितरण व्यवस्थेचा. तिथेही यंत्रे कोणत्या भागात आधी येणार हे सोडतीनेच ठरले होते, पण योजनेचा मुख्य हेतू आर्थिक बचत हा होता आणि ठसा जुळला नाही तर पुढे काय, याची वाट अरुंद होती. निष्कर्ष असा निघाला की केवळ अंगठा सक्तीचा केल्याने गळती कमी झाली नाही, सामान्य लाभार्थ्याचा शिधा आणण्याचा खर्च किंचित वाढला, आणि ज्या कुटुंबांनी आधी आधार जोडले नव्हते त्यांना मिळणारा लाभ १० टक्क्यांनी घटला. त्यानंतर २०१७ च्या मध्यापासून सरकारने यंत्रातील नोंदींवरून दुकानदाराकडे किती धान्य शिल्लक असायला हवे याचा हिशेब मांडून तेवढे धान्य पुढच्या खेपेतून कापायला सुरुवात केली. आता गळती खरोखरच मोठ्या प्रमाणात घटली. पण कापलेले धान्य पूर्वीच इकडेतिकडे गेले होते, दुकानात ते नव्हतेच, त्यामुळे दुकानदाराने ती तूट बऱ्याच अंशी शिधापत्रिकाधारकांच्या वाट्यातून भरून काढली. चोरी कालची, शिक्षा आजच्या गिऱ्हाइकाला. काही महिन्यांनी सरकारला हा हिशेब थांबवावा लागला. याच राज्यात रद्द केलेल्या शिधापत्रिकांची घरोघर पडताळणी झाली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य पत्रिका खऱ्या, अस्तित्वात असलेल्या कुटुंबांच्या निघाल्या.

संशोधक तेच आणि बोटांचे ठसे घेणारे तंत्रही जवळपास तेच असताना निकाल मात्र उलटे आले, आणि हा फरक नियमांनी घडवला. आंध्रात यंत्र हे पैसे देण्याचे आणखी एक साधन होते, झारखंडमध्ये ते दाराचे कुलूप झाले. तंत्रज्ञान चांगले की वाईट, हा प्रश्न म्हणूनच मला फारसा फलदायी वाटत नाही. फसलेल्या प्रसंगी नियम काय सांगतो, यावर बहुतेक सर्व अवलंबून असते. आणि हे आपल्याला आज ठामपणे सांगता येते, कारण दोन्ही ठिकाणी कोणीतरी अंमलबजावणीच्या आधीपासून मोजणीची व्यवस्था लावून ठेवली होती. देशात सुरू झालेल्या इतर असंख्य डिजिटल सक्तींबाबत असे काहीच ठामपणे सांगता येत नाही.

हा विकसनशील देशांचा, दुबळ्या प्रशासनांचा प्रश्न आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. तिथे २०१६ पासून सामाजिक साहाय्य घेणाऱ्यांच्या उत्पन्नाची पडताळणी स्वयंचलित करण्यात आली. 'रोबोडेट' या नावाने ती कुप्रसिद्ध झाली. पद्धत अशी होती की प्राप्तिकर खात्याकडील वार्षिक उत्पन्नाला २६ ने भागायचे, म्हणजे दर पंधरवड्याची सरासरी मिळते, आणि ती सरासरी त्या व्यक्तीने प्रत्यक्ष जाहीर केलेल्या पंधरवड्याच्या उत्पन्नाशी ताडून पाहायची. समजा, एक जण सहा महिने बेरोजगार होता आणि त्या काळात त्याने भत्ता घेतला, पुढचे सहा महिने त्याला नोकरी होती. सरासरी काढली की बेरोजगारीच्या पंधरवड्यांतही त्याला निम्मा पगार मिळत होता असे दिसते, आणि यंत्र त्याला कर्जदार ठरवते. नोटीस आल्यावर कर्ज नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच होती, तीही कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारचिठ्ठ्या दाखवून. चार लाखांहून अधिक लोकांवर अशी सुमारे १७६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची बेकायदा देणी लादली गेल्याचे पुढे न्यायालयात नोंदवले गेले. कॅथरीन होम्स यांच्या शाही आयोगाने जुलै २०२३ च्या अहवालात ही यंत्रणा न न्याय्य होती न कायदेशीर, असा निर्वाळा दिला.

नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्ता घेणाऱ्या हजारो पालकांना कर खात्याने फसवे ठरवले आणि पूर्ण रक्कम परत मागितली. अनेक कुटुंबे देशोधडीला लागली. जोखीम ठरवताना नागरिकत्वाची माहिती वापरली गेल्याबद्दल तिथल्या विदा (डेटा) संरक्षण प्राधिकरणाने कर खात्याला २०२१ मध्ये दंड ठोठावला आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत या प्रकरणावरून पंतप्रधान मार्क रुट यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सक्षम नियामक, स्वतंत्र न्यायालये, जागरूक वृत्तपत्रे हे सगळे असूनही हे वर्षानुवर्षे चालले. खात्याजवळ संशयाची यंत्रणा होती, पण आपला संशय कितीदा चुकतो हे मोजण्याची यंत्रणा नव्हती.

या दोन प्रकरणांतून नियमनाविषयी एक धडा निघतो, आणि तो सध्याच्या चर्चेत मागे पडला आहे असे मला वाटते. रोबोडेटमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. शाळकरी भागाकार होता. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा ऑगस्ट २०२४ पासून अमलात येऊ लागला. सार्वजनिक साहाय्याची पात्रता ठरवणाऱ्या प्रणालींना तो अतिजोखमीच्या गटात टाकतो आणि त्या वापरणाऱ्या सार्वजनिक संस्थांना मूलभूत हक्कांवरील परिणामांचे आधी मूल्यमापन करायला लावतो. हे पाऊल निश्चितच मोठे आहे. पण माणसांनीच आखलेले साधे नियम यांत्रिकपणे राबवणाऱ्या प्रणाली या कायद्याच्या व्याख्येबाहेर ठेवलेल्या आहेत. म्हणजे गुंतागुंतीचे प्रारूप वापरून तुम्हाला अपात्र ठरवले तर कायदा लागू होईल, आणि एका चुकीच्या सूत्राने ठरवले तर होणार नाही. ज्याचा भत्ता बंद झाला त्याला या भेदाचा काय उपयोग? कॅनडाने २०१९ मध्ये काढलेला स्वयंचलित निर्णयांविषयीचा आदेश मला या बाबतीत अधिक समंजस वाटतो. अधिकाऱ्याच्या निर्णयाला साहाय्य करणारे किंवा त्याची जागा घेणारे कोणतेही तंत्र तो आपल्या कक्षेत घेतो, नियमांवर चालणाऱ्या प्रणालीही त्यात येतात, आणि निर्णयाचा माणसावर होणारा परिणाम किती गंभीर आहे त्यानुसार चार पातळ्या ठरवून त्या प्रमाणात बंधने घालतो. नियमन निर्णयाच्या परिणामावर बेतलेले असावे, त्यामागच्या तंत्रावर नव्हे, हे तत्त्व आपण उचलायला हवे.

भारतात या विषयावर जी कायदेशीर चौकट उभी राहिली, ती मुख्यतः खासगीपणाच्या प्रश्नातून. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, २०१८ मध्ये आधारच्या वैधतेवर निकाल आला, २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. परंतु माझी माहिती सुरक्षित राहिली, कोठेही फुटली नाही, आणि तरीही मला धान्य नाकारले गेले, तर हा कायदा मला फारशी मदत करत नाही. खासगीपणाचा भंग आणि हक्काच्या लाभापासून वंचित राहणे या दोन वेगळ्या हानी आहेत. पहिलीसाठी आपण मंडळ, नियम आणि दंड यांची व्यवस्था केली. दुसरीसाठी परिपत्रके आहेत. प्रमाणीकरण फसले तरी कोणाला लाभापासून वंचित ठेवू नये, अशा आशयाच्या सूचना वेळोवेळी निघाल्या, पण त्या पाळल्या गेल्या की नाही हे पाहणारे कोणी नाही आणि न पाळल्यास कोणाचे काही बिघडत नाही.

मग उरते न्यायालय. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि डिजिटल केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवण्याची प्रक्रिया, सर्वांना वापरता यावी यासाठी २० निर्देश दिले. तिथे पोचलेले प्रश्न आम्ल हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्यांचे आणि दृष्टिहीनांचे होते. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून आपण जिवंत असल्याचे दाखवा, अशी अट असल्यामुळे त्यांना बँकेचे खाते उघडणे किंवा सिमकार्ड घेणेही अशक्य झाले होते. निकाल अत्यंत महत्त्वाचा आहे, पण तो वाचताना वाटणारे दुःख वेगळे आहे. ही अट बनवताना दहा अंध व्यक्तींकडून ती एकदा वापरून पाहिली असती तरी तिची अडचण त्याच दुपारी लक्षात आली असती. त्याऐवजी शारीरिक आणि मानसिक वेदना सोसलेल्या माणसांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाला लसीकरणासाठी कोविन पोर्टलवर आगाऊ नोंदणी सक्तीची होती, तेव्हाही स्मार्टफोन नसलेल्यांचे काय हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेच विचारला होता.

या मागणीवर दोन आक्षेप येतात आणि ते गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला असा की गळती हीदेखील गरिबांचीच लूट आहे. बनावट नावांवर उचललेले धान्य कोणा खऱ्या भुकेल्याच्या तोंडचे असते, आणि वगळण्याच्या भीतीने तपासणीच सैल ठेवली तर लुटारूंचे फावते. हे खरे आहे, आणि जे कार्यकर्ते व अभ्यासक हे बोलायला कचरतात त्यांच्याशी माझा मतभेद आहे. परंतु अपात्राला लाभ मिळण्याची चूक आणि पात्राला नाकारण्याची चूक यांचे वजन सारखे नाही. पहिल्या चुकीत तिजोरीचे काही रुपये जातात आणि ते नंतर वसूल करता येतात. दुसऱ्या चुकीत एखाद्या घराची महिन्याची चूल अडते, आणि गेलेला महिना परत देता येत नाही. कोणत्या चुकीला किती वजन द्यायचे हा राजकीय निर्णय आहे, तो लोकप्रतिनिधींनी उघडपणे घ्यावा. मात्र आज तो प्रमाणीकरणाची मर्यादा ठरवणाऱ्या तांत्रिक कक्षात, कोणाच्याही नकळत घेतला जातो, आणि एका चुकीचे आकडे जाहीर होत असताना दुसरीचे कोणाजवळच नसतात.

दुसरा आक्षेप वेळेचा. संशोधनाला दोन-तीन वर्षे लागतात, सरकार तेवढे थांबू शकत नाही. पण कोणतीही यंत्रणा देशभर एका दिवसात पोचत नाही. ती टप्प्याटप्प्यानेच जाते. टप्प्यांचा क्रम राजकीय सोयीने न ठरवता सोडतीने ठरवला की तुलना आपोआप शक्य होते आणि त्यासाठी एक दिवसही जास्त लागत नाही. शिवाय सगळेच संशोधन इतके अवजड नसते. तेलंगणात २०१८ मध्ये शेतकऱ्यांना अर्थसाहाय्य देणाऱ्या रयतू बंधू योजनेचे धनादेश वाटले जात असताना काही भागांतील कृषी अधिकाऱ्यांना एवढेच कळवण्यात आले की तुमच्या भागातील शेतकऱ्यांना फोन करून धनादेश मिळाला का, हे विचारले जाणार आहे. तेवढ्यानेच वाटप सुधारले, आणि खर्च अगदी किरकोळ होता. इथेही तंत्रज्ञानच वापरले होते, फक्त त्याचे तोंड लाभार्थ्याकडून अधिकाऱ्याकडे फिरवले होते.

मोजायचे कसे, यावर मात्र काटेकोर राहायला हवे, कारण चुकीच्या जागी मोजले तर वगळलेली माणसे पुन्हा एकदा वगळली जातात. सध्याच्या लाभार्थी यादीतून नमुना निवडला तर यादीबाहेर फेकलेला कोणीही त्यात येणार नाही. नमुना तंत्रज्ञान येण्यापूर्वीच्या यादीतून किंवा थेट घरांच्या यादीतून घ्यावा लागतो. कुटुंब हे एकक धरले तर स्त्रिया दिसेनाशा होतात. बहुतेक घरांत मोबाइल आहे असे सांगणाऱ्या पाहणीत, म्हणजे २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असणाऱ्या स्त्रिया ५४ टक्केच आढळल्या, आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष मात्र ५७ टक्के. ओटीपी घरातल्या पुरुषाच्या फोनवर येत असेल तर तिच्या नावावरची योजना तिच्या हातात नसते. आणि विद्यापीठांतील संशोधकांना नाकारलेल्या व्यवहारांच्या नोंदी, ओळख पटणार नाही अशा स्वरूपात, मिळण्याचा हक्क हवा. खात्याने मर्जीतल्या संस्थेला अभ्यास द्यावा आणि अडचणीचा अहवाल कपाटात ठेवावा, असे घडू शकत असेल तर बंधनकारक संशोधनाला अर्थ उरत नाही.

यासाठी नवी कल्पना परदेशातून आणायची गरज नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्यांत मजुरांचे हजेरीपट गावासमोर वाचून दाखवले, त्यातून सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे योजनेचा हिशेब लोकांनीच उघडपणे तपासण्याची पद्धत आली, २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने ती ग्रामसभेकडे सोपवली आणि मेघालयाने २०१७ मध्ये अनेक योजनांना लागू होणारा सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. हजेरीपट कागदावर होता तोवर तो वाचून दाखवता येत होता. आता निर्णय संगणकप्रणाली घेत असेल तर तिचे पात्रतेचे निकष, त्या महिन्यात गावातील किती जणांना नकार गेला आणि कोणत्या कारणाने, हे मराठीत किंवा त्या त्या राज्याच्या भाषेत ग्रामसभेपुढे आणि प्रभागात ठेवले जावे, असे एक कलम राज्याच्या कायद्यात घालता येईल. त्याच कलमात हेही असावे की नकाराला आव्हान दिल्यास निकाल लागेपर्यंत लाभ चालू राहील आणि अपात्रता सिद्ध करण्याची जबाबदारी खात्याची असेल. हे विषय राज्याच्या अधिकारात बसतात. त्यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाला याची सुरुवात रेशनपासून करता येईल.